फर्निचर मोजायचं नसतं

"फर्निचर मोजत नाहीत," बाई म्हणाल्या. त्या संध्याकाळी हे वाक्य त्या सतराव्यांदा म्हणत होत्या.

"कोण मोजत नाही?" पाचरने विचारलं. "मी मोजतो. परवाच मोजलं. बारा खुर्च्या, दोन टेबलं, एक कपाट. पंधरा नग."

"खुर्च्या मोज. टेबलं मोज. कपाट मोज. फर्निचर मोजायचं नसतं."

"पण ताई, खुर्च्या, टेबलं नि कपाट म्हणजेच फर्निचर ना?"

"हो."

"मग वेगवेगळी ठेवली की मोजायची आणि एका खोलीत ठेवली की मोजायची नाहीत? एका खोलीत ठेवली म्हणून त्यांचं काय पीठ होतं?"

बाईंनी कपाळावर हात मारला. सदतीस वर्षं त्यांनी शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. त्यात मठ्ठ मुलं आली, आळशी आली, खिडकीबाहेर बघत बसणारी आली. पण व्याकरणाशी भांडायला उभा राहणारा विद्यार्थी त्यांना पहिल्यांदाच भेटला होता, आणि तो नेमका त्यांचा सख्खा धाकटा भाऊ निघाला होता.

"इंग्रजीत 'मेनी फर्निचर्स' होत नाही. 'मच फर्निचर' म्हणायचं. का, ते विचारू नकोस. तसं आहे."

"'मच' म्हणजे ते पाणी, तेल, सरस, असल्यांना लावायचं तेच ना?"

"तेच."

"म्हणजे इंग्रजी माणसाच्या लेखी माझी खुर्ची पातळ आहे."

आतून वहिनींच्या, म्हणजे पाचरच्या बायकोच्या, हसण्याचा आवाज आला. बाईंनी तिकडे नुसतं पाहिलं आणि आवाज थांबला. मग त्यांनी लाल पेनाचं टोपण काढलं आणि पाचरच्या वहीतल्या 'मेनी फर्निचर्स'वर अशी रेघ ओढली की मागच्या पानावरही तिचा वळ उठला.

पाचर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. लहानपणी रात्री झोपताना तो आई आणि ताई यांच्या मधे घुसायचा, कितीही ढकला, सैल होऊन बाहेर पडायचा नाही. तेव्हा बाईंनीच त्याला पाचर म्हणायला सुरुवात केली. पुढे तो खरोखरच सुतारकामात पडला आणि नाव पक्कं झालं. गल्लीच्या टोकाला त्याचा लाकडाचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, एक लांबट शेड, एक करवतीचं यंत्र, रंधा मारायची दोन टेबलं आणि ते यंत्र चालवणारा एक जुना माणूस. चाळीस वर्षांत पाचरने गावाच्या निम्म्या घरांत बसायची सोय केली होती. त्या चाळीस वर्षांत त्याचं इंग्रजीवाचून काही अडलं नव्हतं.

आता अडलं होतं. छातीच्या डॉक्टरने फोटो उजेडाकडे धरून साफ सांगितलं होतं की भुसा सोडा, नाहीतर भुसा तुम्हाला सोडणार नाही. पाचर जिना चढताना मधल्या पायरीवर थांबायला लागला होता आणि 'थांबलो नाही, विचार करतोय' असं सांगायला लागला होता. नदीपलीकडच्या तंत्रशाळेत लाकूडकाम शिकवायला माणूस हवा होता. तिथे भुसा ओढून घेणारी यंत्रं होती, आणि शिकवणाऱ्याने दाखवायचं, कापायचं मुलांनी. जागा एकच. वयाची अट पंचावन्न. पाचरला चौपन्न पूर्ण झालेले. म्हणजे ही संधी हुकली की पुढची संधी नव्हतीच, आणि हे घरातल्या सगळ्यांना माहीत असल्यामुळे कुणी बोलत नव्हतं.

त्या जागेसाठी दोन गोष्टी हव्या होत्या. स्वतःच्या लाकडातून स्वतःच्या हाताने केलेलं एक स्टूल, आणि इंग्रजीचा एक पेपर. स्टुलाची कुणाला चिंता नव्हती. इंग्रजीच्या पेपरात पत्र लिहा, सूचना वाचा, यादी करा, असे प्रश्न होते, ते तो कसाबसा ओढून नेत होता. पण एक विभाग होता पंधरा रिकाम्या जागांचा. प्रत्येक जागेत 'मच', 'मेनी', 'फ्यू', 'अ फ्यू', 'लिटल', 'एव्हरी' यांपैकी योग्य तो शब्द भरायचा. त्या विभागात पंधरापैकी सहा तरी हवेतच, नाहीतर बाकीच्या पेपरात डोंगर उचललात तरी नापास. लाकूड जोडायला शिकवणाऱ्या माणसाला 'थोडे' आणि 'थोडेसे' यांतला इंग्रजी फरक कशाला हवा, हे कोणत्या शहाण्याच्या डोक्यातून निघालं असेल, असं बाईंना स्वतःलाही वाटे. पण त्या ते बोलून दाखवणाऱ्यांतल्या नव्हत्या. नियम तो नियम.

नियम तो नियम, हे त्यांचं पाचरच्या बाबतीत पूर्वी एकदा झालेलं होतं. नोकरीचं पहिलंच वर्ष, बाई चोवीस वर्षांच्या, आणि आठवीच्या वर्गात तिसऱ्या बाकावर त्यांचा स्वतःचा भाऊ. वार्षिक परीक्षेत पाचरला इंग्रजीत चौतीस मार्क पडले. पास व्हायला पस्तीस लागत. मुख्याध्यापक स्वतः म्हणाले होते की एक मार्क इकडे तिकडे, देऊन टाका. बाईंनी दिला नाही. दुसऱ्या कुणाच्या भावाला दिला नसता, तर आपल्या भावाला का द्यायचा? वडील पेपर बघून एवढंच म्हणाले, "नापास ना? मग चल, रंधा धर." पाचर दुसऱ्या दिवसापासून वडिलांबरोबर कामाला जायला लागला आणि पुन्हा शाळेत आला नाही. त्या चौतीसबद्दल दोघं बहीणभावंडं चाळीस वर्षांत एक अक्षर बोलली नव्हती. बाई मात्र मनातल्या मनात बोलत असत. आपण केलं ते बरोबर केलं, असं त्या स्वतःला सांगत, आणि ज्या गोष्टीबद्दल इतक्या वेळा सांगावं लागतं ती खरंच बरोबर असते का, असा प्रश्न पडला की उठून भांडी आवरायला लागत.

म्हणून डॉक्टरचा निरोप कळला त्याच दिवशी त्या पाचरच्या घरी येऊन ठाण मांडून बसल्या होत्या. "सहा आठवडे माझ्या ताब्यात दे," त्या वहिनींना म्हणाल्या. "दगड पास केलेत मी."

"वन्सं, दगड बरा," वहिनी म्हणाल्या. "दगड उलटून बोलत नाही."

पण खरं सांगायचं तर उलटून बोलण्याचा बाईंना तितका वैताग नव्हता. वैताग होता तो कोऱ्या जागांचा. दर रविवारी त्या सरावाचा पेपर काढत, पंधरा रिकाम्या जागा, वीस मिनिटं, घड्याळ समोर. पाचर पेन्सिल कानामागे लावून, डोळे बारीक करून पेपराकडे असा बघे जसं काही लाकडात गाठ कुठे आहे ते शोधतोय. वीस मिनिटांनी पेपर हातात यावा तर पंधरापैकी चार भरलेल्या. चारही बरोबर. अकरा कोऱ्या करकरीत.

"अरे, हे सातवं का सोडलंस?"

"नक्की नव्हतं."

"'अ फ्यू स्क्रूज' की 'अ लिटल स्क्रूज', यात नक्की नसायला काय आहे? स्क्रू मोजता येतात ना?"

"येतात."

"मग?"

"मग 'अ फ्यू'. पण नक्की नव्हतं."

"चुकीचं लिहिलंस तर काय मार्क कापणार आहेत? नाही कापत! शून्य ते शून्यच! मग ठोकून द्यायला काय जातंय?"

पाचरचं हे असंच. विचारलं तर तोंडी धडाधड बरोबर उत्तर देणार, पण कागदावर हात चालणार नाही. दुसऱ्या रविवारी चार, तिसऱ्या रविवारी पाच, चौथ्या रविवारी पुन्हा चार. बाईंच्या नाकी नऊ आले. चुकणाऱ्याला सुधारता येतं, लिहीतच नाही त्याचं काय करणार? त्या घरी जाऊन उशीत तोंड खुपसून ओरडल्या एकदा, मोठ्याने. मग उठून पुढच्या रविवारचा पेपर काढला.

पाचव्या आठवड्यात पाचरकडे खुर्च्यांचं घाईचं काम आलं आणि तो संध्याकाळी घरी सापडेना. बाईंनी पर्स उचलली आणि त्या भर दुपारी कारखान्यात जाऊन उभ्या राहिल्या.

पाचर गिऱ्हाइकाशी बोलायला रस्त्यावर गेला होता. करवतीवर भोंगा होता. भोंगा म्हणजे पाचरचा पंचवीस वर्षांपासूनचा माणूस. यंत्राच्या आवाजाने त्याचे कान गेले होते आणि आपल्यासारखेच सगळ्यांचेही गेले असावेत अशा समजुतीने तो बोलायचा. "या बाई! मालक येतील आत्ता!" असं शेजारच्या दुकानातही ऐकू जाईल अशा आवाजात त्याने सांगितलं आणि पुन्हा काम सुरू केलं.

बाईंनी इकडे तिकडे पाहिलं. बसायला जागा नव्हती. ज्या कारखान्यातून शेकडो खुर्च्या बाहेर पडल्या तिथे बसायला एक खुर्ची नसावी, याचाही त्यांना राग आला. मग त्यांना भिंतीला टेकवलेली फळी दिसली. तीन फूट लांब, चांगली हातभर रुंद, रंधून गुळगुळीत केलेली. आडवी ठेवलेली होती, आणि सदतीस वर्षं फळ्यासमोर काढलेल्या बाईला अशी फळी दिसली की हात आपोआप उठणारच. पेन लाकडावर चालेना. टेबलावर जाड लाल पेन्सिल पडली होती. बाईंनी ती घेतली आणि लिहायला सुरुवात केली. पाचरला कळावं म्हणून सगळी त्याच्याच कामातली वाक्यं घेतली. पहिली ओळ 'मेनी चेअर्स, मच वुड'. दुसरी ओळ 'अ फ्यू नेल्स, अ लिटल ग्लू'. तिसऱ्या ओळीत त्याची आवडती चूक. तो नेहमी 'एव्हरी ड्रॉवर्स हॅव' लिहायचा, म्हणून 'एव्हरी ड्रॉवर हॅज अ हँडल' मोठ्या अक्षरांत. चौथी ओळ अर्थातच फर्निचरची. आणि प्रत्येक ओळीखाली, ही त्यांची जन्माची सवय, पट्टी धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ.

तेवढ्यात पाचर आला. त्याने बाईंना बघितलं, फळीकडे त्याचं लक्ष जायच्या आधीच बाई म्हणाल्या, "या आवाजात मला माझंच ऐकू येत नाही. बाहेर चल दहा मिनिटं. तोंडी घेते आणि मग आत येऊन फळ्यावरचं वाच."

"कुठला फळा?" पाचर म्हणाला, पण बाई दारापर्यंत पोचल्याही होत्या.

बाहेर पायरीवर बसून दहाची वीस मिनिटं झाली. 'फ्यू' म्हणजे जवळजवळ नाहीतच, 'अ फ्यू' म्हणजे आहेत थोडे, हे बाईंनी चार तऱ्हांनी सांगितलं. आत करवत चार वेळा लांबलचक किंचाळली. पाचर तिसऱ्या आवाजाला थोडा अस्वस्थ झाला. "हा काय चिरतोय?" तो पुटपुटला. "खुर्च्यांचं तर सकाळीच झालं."

"लक्ष इकडे," बाई म्हणाल्या.

दोघं आत आली तेव्हा टेबलावर पाच पट्ट्या शेजारी शेजारी नीट मांडून ठेवल्या होत्या. पहिल्या चार पट्ट्यांवर एकेक इंग्रजी वाक्य होतं. पाचवी कोरी होती. भोंगा हात झटकत अभिमानाने उभा होता.

"अशी सरळ रेघ मी मालकांच्या हातचीसुद्धा नाही पाहिली!" तो गरजला. "चारही एका दमात चिरल्या!"

पाचर टेबलाच्या कडेला टेकला. ती त्याची स्टुलाची फळी होती. नऊ वर्षं माळ्यावर वाळवलेला साग. तंत्रशाळेच्या स्टुलाची बैठक एका अखंड फळीतून काढायची असं त्याने ठरवलं होतं. कुठेही सांधा नाही, कुठेही गाठ नाही. तसली दुसरी फळी आता त्याच्याकडे नव्हती, आणि परीक्षेला अकरा दिवस होते.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःचा राग येतो तेव्हा माणूस दुसरा कुणी सापडतोय का ते बघतं, तशा त्या भोंग्यावर तुटून पडल्या. "अहो, त्यावर लिहिलेलं दिसत नव्हतं? चिरायच्या आधी माणसाने विचारावं की नाही?"

"लाल रेघ होती, बाई."

"म्हणून काय झालं?"

"लाल रेघेला विचारत नाहीत," भोंगा म्हणाला. आता तो त्याच्या मानाने हळू बोलत होता. "काळीला विचारतात. पंचवीस वर्षं झाली, लाल दिसली की मी चिरतो. वर काय लिहिलंय ते मला कुठे वाचता येतं?"

बाईंनी पाचरकडे पाहिलं. पाचरने कानामागची काळी पेन्सिल काढून हातात फिरवली.

"बाबांपासूनची पद्धत आहे," तो म्हणाला. "काळी रेघ म्हणजे अंदाज. कुणीही मारावी, पुसावी, परत मारावी. दहा चुकल्या तरी हरकत नाही, लाकडाला काही होत नाही. सगळं मनासारखं जुळलं की मग एकदाच लाल. लाल पडली म्हणजे बोलणं संपलं."

"मग मला आधी सांगायचं नाहीस? फळी समोर उघडी ठेवून लाल पेन्सिल टेबलावर टाकून जातोस!"

"तुझ्या हातात लाल सोडून दुसरं काही मी कधी पाहिलंय का, ताई?"

हे तो चिडून बोलला नव्हता. नुसतं बोलला होता. भोंग्याला काय कळलं कोण जाणे, तो चहा आणतो म्हणाला आणि बाहेर गेला. कारखान्यात पहिल्यांदाच शांत झालं. पाचरने एक पट्टी उचलली, तिची चिरलेली कड अंगठ्याने चाचपून पाहिली, खाली ठेवली, आणि खोकला. खोकला थांबायला वेळ लागला.

"एक सांगू?" तो म्हणाला. "रागावणार नसशील तर."

"मी रागावलेलीच आहे. आणखी जागा नाही."

"आठवीच्या पेपरात शेवटचा प्रश्न असलाच होता. मच, मेनी. पाच जागा, पाच मार्क. मी अख्खा सोडला होता."

बाईंना ते आठवत होतं. सदतीस वर्षांत तपासलेल्या हजारो पेपरांतला तो एकच पेपर त्यांना डोळे मिटून वाचता येत असे.

"त्यातल्या दोन मला येत होत्या. बहुतेक तीन."

"मग लिहिल्या का नाहीस?"

"बहुतेक येत होत्या ना. नक्की नव्हत्या. तू पेपर परत देताना एकेक वर धरून दाखवायचीस सगळ्या वर्गाला. हा बघा, किती लाल झालाय. आणि कोऱ्या जागेपुढे तू नुसतं बारीक शून्य घालायचीस. तिथे रेघ नाही यायची. मला वाटलं, सगळे हसतात त्यापेक्षा कोरं बरं."

बाई उभ्याच होत्या. त्यांना वाईट वाटलं. साधं, सरळ वाईट वाटलं. चाळीस वर्षं त्या एका मार्काचा हिशेब करत बसल्या होत्या, द्यायला हवा होता की नको, आणि प्रश्न तो नव्हताच. एक मार्क द्यायची वेळ यायच्या खूप आधी त्यांनी या पोराच्या हातातली पेन्सिल काढून घेतली होती. आणि गेले चार रविवार, त्याच लाल पेनाने, त्या पुन्हा तेच करत होत्या. तिसऱ्या बाकावरचा पोरगा चौपन्न वर्षांचा झाला तरी अजून कोऱ्या जागा सोडून बसत होता.

"हे चाळीस वर्षांत सांगायचं नाहीस?" शेवटी त्या म्हणाल्या, आणि आवाज नको तितका चढला. "मूग गिळून बसलास!"

"तू कधी विचारलंस?"

बाईंनी पर्स उघडली, लाल पेन काढलं, कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेल्या, टाकवेना, परत पर्समध्ये ठेवलं. मग पाचरच्या हातातली काळी पेन्सिल ओढून घेतली.

"ही मला दे. तुझ्याकडे दुसरी असेल."

पुढचे अकरा दिवस पाचरने दोन कामं केली. सकाळी स्टूल, संध्याकाळी इंग्रजी. पाच पट्ट्या त्याने कडेला कड लावून सरसाने जोडल्या आणि शिकंज्यात आवळून ठेवल्या. चार चिरांमध्ये मिळून अर्धा इंच लाकडाचा भुसा झाला होता, तेवढी बैठक अरुंद झाली, पण सांधे असे बसले की नख फिरवून सापडेनात. वाक्यं बैठकीच्या खालच्या बाजूला गेली. बाईंना रात्रभर धास्ती, परीक्षकांनी स्टूल उलटं केलं तर त्यांना ती कॉपी वाटेल. पाचरने हसत हसत रंधा मारून ती साफ केली. फर्निचरची ओळ त्याने सगळ्यात आधी उडवली.

इंग्रजी आता कारखान्यातच चाले. भोंग्याला सामान देताना पाचर काय करतो ते बाईंनी नीट पाहिलं. खिळे, स्क्रू, बिजागऱ्या तो मोजून देई. सरस, पॉलिश, तेल ओतून देई. बाई म्हणाल्या, मोजून देतोस त्याला 'मेनी' नि 'अ फ्यू', ओतून देतोस त्याला 'मच' नि 'अ लिटल'. एवढं साधं त्यांना पाच आठवड्यांत सुचलं नव्हतं, याचाही त्यांना स्वतःशीच वैताग आला. "मग लाकूड?" पाचरने विचारलं. "लाकूड ओतायचं. फळ्या मोजायच्या." "आणि फर्निचर ओतायचं," पाचर म्हणाला. "बरं बुवा, ओततो."

आणि तो लिहायला लागला. काळ्या पेन्सिलीने, खोडत, पुन्हा लिहीत, पण पंधराच्या पंधरा. अर्ध्या चुका. काय एकेक चुका! 'एव्हरी कारपेंटर्स आर', 'मच नेल्स', एकदा तर 'अ लिटल कस्टमर'. बाईंच्या जिभेचं टोक चावून चावून हुळहुळं झालं. कोऱ्या जागा होत्या तेव्हा निदान डोळ्यांना त्रास नव्हता, असं त्यांनी वहिनींपाशी बोलून दाखवलं. पण प्रत्येक चुकीपाशी त्या फक्त काळ्या पेन्सिलीचं बारीक टिंब देत, आणि पाचर टिंब बघून विचार करी, आणि बरेचदा आपलं आपण दुरुस्त करी.

तो पास झाला हे इथेच सांगून टाकलेलं बरं, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. स्टूल परीक्षकांनी उलटंपालटं करून पाहिलं, त्यावर एका जाडजूड परीक्षकाने बसूनही पाहिलं, आणि सांधे कुठे आहेत ते पाचरलाच दाखवावे लागले. इंग्रजीतही निभावलं. पण ते सगळं तीन आठवड्यांनी कळलं. पेपराच्या दिवशी काहीच कळलेलं नव्हतं, आणि बाई तंत्रशाळेच्या लांब ओसरीत एका बाकावर दोन तास बसून होत्या. बाक डुगडुगत होता. इथे लाकूडकाम शिकवतात म्हणे, असं त्या दोन तासांत त्या तीनदा तरी पुटपुटल्या.

घंटा झाली. पाचर प्रश्नपत्रिकेची घडी करत बाहेर आला आणि बाकावर त्यांच्या शेजारी बसला. बसल्याबरोबर त्याने बाकाचा पाय हलवून पाहिला.

"एकही जागा कोरी सोडली नाही," तो म्हणाला.

"एकही?"

"एकही."

बाईंनी श्वास सोडला. मग राहवेना. "फर्निचर आलं होतं?"

"आलं होतं. नववं. 'देअर इज नॉट डॅश फर्निचर इन द रूम'."

"इतकं घोटून घेतलं, तेच आलं! 'मच' लिहिलंस ना?"

"'मेनी' लिहिलं."

बाई बाकावरून अर्ध्या उठल्या. "अरे, पन्नास वेळा म्हणून घेतलं तुझ्याकडून! पाठ होतं तुला!"

"अजून पाठ आहे. मच फर्निचर. पण लिहायला गेलो नि मनात आलं, चाळीस वर्षं एकेक खुर्ची केली मी, एकेक. ओतली नाही एकही. बाकी चौदा इंग्रजांच्या मताने लिहिल्या. एक आपल्या मताने लिहिली."

"एक मार्क गेला!" बाई ओरडल्या. ओसरीतली माणसं वळून बघायला लागली. "जाणूनबुजून घालवलास! एका मार्काची काय किंमत असते, ठाऊक आहे का तुला?"

तोंडातून निघून गेलं आणि मग बाईंना ऐकू आलं. त्या खाली बसल्या. पाचर त्यांच्याकडे बघत होता, आणि त्याच्या मिशीखाली हसू होतं, पण डोळ्यांत नव्हतं.

मग बाईंनी त्याच्या हातातली प्रश्नपत्रिका घेतली, गुडघ्यावर पसरून सपाट केली आणि पर्समध्ये हात घातला. आधी लाल पेन हाताला लागलं, ते त्यांनी बाजूला सारलं. काळ्या पेन्सिलीचा तुकडा तळाशी होता. नवव्या प्रश्नातल्या रिकाम्या जागेवर त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात 'मेनी' लिहिलं. हात किंचित थांबला, कारण सदतीस वर्षांची सवय होती. मग त्यांनी त्यापुढे बरोबरची खूण केली, ठळक.

"पस्तीस झाले," त्या म्हणाल्या, आणि कागद त्याच्या हातात कोंबला. "चल, ऊठ आता. बघत काय बसलायस?"